रोबोच्या जे-३ ला (तिसऱ्या सांध्याला) फक्त चहाच्या सुट्टीनंतर मूव्ह एरर येतो, मोटर बदलायची का?

वेर्णा_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, कंपनीचं आणि रोबोचं नाव नको, उगाच वरपर्यंत जायचं. पॅकिंग लाईनच्या शेवटी सहा अ‍ॅक्सिसचा रोबो, म्हणजे सहा सांध्यांचा हात आहे, व्हॅक्यूम ग्रिपरने शिपर बॉक्स उचलून पॅलेटवर रचतो, काम एवढंच. पाऊस सुरू झाल्यापासून जे-३ ला 'मूव्ह एरर एक्सेस' हा अलार्म येतोय, कधीमधी 'स्टॉप एरर' पण. रिसेट मारला की चालतो, मग तासभर काही नाही.

गंमत अशी की सकाळी पहिल्या स्टार्टला कधीच येत नाही. दुपारी किंवा संध्याकाळी लोक बन-भाजी खायला जातात, लाईन वीस मिनिटं थांबते, आणि परत आल्यावर पहिल्या दुसऱ्या बॉक्सलाच धाडकन थांबतो. बाहेरचा सर्व्हिसवाला आला, मोटरला हात लावला, म्हणाला गरम आहे, मोटर बदला. कोटेशन बघून मॅनेजरला घाम फुटला, आता तो मला विचारतोय की खात्री आहे का, आणि मला नाही.

अजून एक. अलार्म येऊन गेल्यावर बॉक्स ५-६ मिमी बाहेर पडतात आणि पुढचे सगळे तसेच पडत राहतात. ऑपरेटर पोरांनी पॉइंट टच-अप करायला, म्हणजे शिकवलेल्या जागा हाताने बदलायला सुरुवात केलीय. एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते मोजणारा) बॅटऱ्या मे महिन्याच्या शटडाऊनला बदलल्यात, ग्रिपर मार्चमध्ये नवीन आला, पेलोड सेटिंग (हातावर किती वजन आहे ते) तेव्हा कोणी बदललं का माहीत नाही. कुठून सुरू करू?

कुंडईचा_ड्राइव्हवाला

पहिल्यांदा लाईट बघ रे बाबा. पावसाळ्यात आपल्याकडे व्होल्टेजचं काय होतं ते तुला सांगायला नको, आणि दुपारी सगळे परत आले की कंप्रेसर, चिलर एकदम सुरू होतात. रोबोच्या कंट्रोलरला बहुतेक २०० व्होल्ट लागतात म्हणजे तुमच्याकडे ४१५ वरून उतरवणारा ट्रान्सफॉर्मर असणार, त्याच्या सेकंडरीला तिन्ही फेज एकमेकांत मोज, आणि तेही रोबो जोरात पळत असताना मोज. उभा असताना मोजून काही कळत नाही. साधा मीटर सरासरी दाखवतो, अर्ध्या सेकंदाचा डिप त्याला दिसतच नाही, मिन-मॅक्स पकडणारा मीटर किंवा पॉवर अ‍ॅनालायझर लाव दोन-तीन दिवस.

कारण काय, २०० एसी रेक्टिफाय झालं की आत साधारण २८० व्होल्टची डीसी बस, म्हणजे मोटरला पुरवणारं डीसी व्होल्टेज, असते. मोटर जितकी जोरात फिरते तितका तिचा स्वतःचा बॅक ईएमएफ (उलटं व्होल्टेज) वाढतो, बस खाली बसली की वरच्या स्पीडला करंट ढकलायला जागाच उरत नाही, टॉर्क कमी पडतो, अ‍ॅक्सिस मागे राहतो, अलार्म. म्हणून एक सोपी टेस्ट, ओव्हरराइड (एकूण स्पीड) ५० टक्के करून चालव. स्पीड कमी केल्यावर अलार्म गायब झाला तर व्होल्टेज किंवा टॉर्कची कमतरता. १० टक्क्याला जॉग करतानाही, म्हणजे बटणाने हलवतानाही आला तर लाईटचा संबंध नाही, काहीतरी अडकतंय किंवा एखादी फेज मोटरपर्यंत पोचतच नाही.

ट्रान्सफॉर्मरची टर्मिनल्स पण एकदा आवळ, लॉकआउट करून, म्हणजे लाईट बंद करून कुलूप लावून. आणि अ‍ॅम्प्लिफायर उघडणार असशील तर बस डिस्चार्ज व्हायला मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढा वेळ थांब, घाई नको.

चाकण_ऑटोमेशन

आमच्याकडे थंडीत सकाळी असं व्हायचं, गिअरबॉक्सचं ग्रीस घट्ट झालेलं असतं, वॉर्मअप प्रोग्राम टाकला की बंद. नाहीतर सिस्टिम व्हेरिएबलमध्ये एररची लिमिट असते ती थोडी वाढवा, प्रॉडक्शन तरी थांबणार नाही, मग निवांत शोधा.

कुंडईचा_ड्राइव्हवाला

गोव्यात कसली थंडी आलीय 🙂 पंख्याखाली बसलो तरी शर्ट भिजतोय.

सर्वोकाका

लिमिट वाढवू नका हो. कोणी कितीही सांगितलं तरी नको. ती लिमिट म्हणजे रोबो आपल्या वाटेपासून किती भरकटला की थांबायचं याचा आकडा आहे. वाढवला म्हणजे उद्या तो पॅलेटच्या खांबाला किंवा कन्व्हेयरला टेकला तर जास्त वेळ ढकलत राहणार आणि मग अलार्म देणार. ग्रिपर गेला तर परवडेल, रिड्यूसर (सांध्यातला गिअरबॉक्स) गेला तर मोटरपेक्षा मोठं कोटेशन येईल.

आता मूळ प्रश्न. या अलार्मचा अर्थ एवढाच की कंट्रोलरने सांगितलं तिथे अ‍ॅक्सिस वेळेत पोचला नाही. फॅनक कंपनीच्या रोबोत तोच एसआरव्हीओ-०२४, आणि थांबलेला असताना जागा धरता आली नाही तर ०२३. इतर कंपन्यांत नाव वेगळं, गोष्ट तीच. का पोचला नाही हे अलार्म सांगत नाही. पॉवर कमी पडली असेल, ब्रेक नीट सुटला नसेल, वजन जास्त असेल, गिअर जाम असेल, केबल तुटत आली असेल, अ‍ॅम्प्लिफायर असेल, मोटरही असेल. मोटर गरम आहे एवढ्यावरून मोटर खराब म्हणणारा माणूस ताप आहे म्हणून पेशंटच बदला म्हणेल. मोटर गरम का झाली ते बघायला पाहिजे, बऱ्याचदा ती बिचारी कशाच्या तरी विरुद्ध ओढत असते.

मला तीन गोष्टी सांग. एक, वर ड्राइव्हवाल्यांनी सांगितलेली स्लो स्पीडची टेस्ट. दोन, रोबो रिकामा उभा राहिला की थोड्या वेळाने ब्रेक आपोआप लागतात का? बऱ्याच कंट्रोलरांत तसं सेटिंग असतं, काही सेकंद किंवा मिनिटं हालचाल नसली की ब्रेक लावून मोटरचा करंट काढतो, खटकन आवाज येतो बघ. तीन, जे-३ चा टॉर्क पेंडंटवर (रोबोचा हातातला कंट्रोल) बघ, स्टेटसच्या अ‍ॅक्सिस पानावर डिस्टर्बन्स टॉर्क किंवा मोटर करंट असं काहीतरी दिसतं. ग्रिपर रिकामा, बाकी अ‍ॅक्सिस स्थिर, फक्त जे-३ हळू आणि एकसारख्या स्पीडने वर ने आणि आकडा लिही, मग त्याच कोनातून तसाच खाली आण आणि आकडा लिही. सकाळी थंड असताना एकदा, आणि दुपारी अलार्म आल्यावर लगेच एकदा.

वर जाताना मोटर वजन उचलते आणि घर्षण पण झेलते. खाली येताना वजन तिला मदत करतं, घर्षण तेवढंच उलटं लागतं. म्हणून दोन्ही आकड्यांची सरासरी काढली की वजनाचा भाग मिळतो आणि फरकाचा अर्धा केला की घर्षणाचा. पेलोड चुकीचा असेल, ग्रिपर जड झाला असेल तर सरासरी वाढलेली दिसेल. ब्रेक घासत असेल किंवा गिअर जड झाला असेल तर फरक वाढलेला दिसेल. फुकटची टेस्ट आहे, कोणी करत नाही.

आणि पोरांना सांग टच-अप बंद. आजच्या आज.

मडगावची_इन्स्ट्रुमेंट

मध्येच विचारते, काका, म्हणजे नॉर्मल चालताना एरर शून्य असतो का? आम्हाला पीआयडी शिकवताना एरर शून्य करायचा असंच शिकवलं, मग इथे लिमिट कशाला?

सर्वोकाका

चांगला प्रश्न. हलताना शून्य नसतोच. पोझिशन लूप साध्या गेनवर (चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा) चालत असेल तर वेग भागिले गेन एवढा अ‍ॅक्सिस कायम मागे राहतो. समजा ९० डिग्री प्रति सेकंद वेग आणि गेन ३० प्रति सेकंद, तर ३ डिग्री मागे. आजकाल फीडफॉरवर्ड (पुढची हालचाल आधीच धरून कमांड देणं) असतं त्यामुळे हा लॅग बराच कमी होतो, पण कंट्रोलरला माहीत असतं की या स्पीडला साधारण इतका मागे असायला हवा. त्याच्या बराच पलीकडे गेला की अलार्म. थांबल्यावर मात्र जवळजवळ शून्यावर यायला हवा, म्हणून स्टॉप एररची लिमिट सहसा वेगळी आणि कडक असते. थांबताना तो यायला लागला की मला आधी ब्रेकची आठवण होते.

मडगावची_इन्स्ट्रुमेंट

ओके, समजलं. म्हणजे ब्रेक अर्धवट लागलेला असतानाच मोटर ओढतेय असं?

सर्वोकाका

होऊ शकतं. रोबोचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि करंट दिला की सुटतो, म्हणजे लाईट गेली की आपोआप लागतो आणि हात खाली पडत नाही. करंट पुरेसा पोचला नाही तर पूर्ण सुटत नाही, प्लेट घासत राहते. पण आकडे आल्याशिवाय मी काही बोलत नाही.

वेर्णा_सेकंडशिफ्ट

आकडे आणलेत. अ‍ॅनालायझर लावला होता, अलार्मच्या वेळी व्होल्टेज चक्क चांगलं होतं, तिन्ही फेज जवळजवळ सारख्या. कंप्रेसर सुरू होताना थोडा डिप दिसला पण तेव्हा अलार्म नाही. ५० टक्के ओव्हरराइडला चालवला तरी सुट्टीनंतर अलार्म आला, थोडा उशिरा एवढंच. ब्रेक आपोआप लागतात हे खरं, खटका ऐकू येतो, मी आजवर लक्षच दिलं नव्हतं.

टॉर्क असा: सकाळी थंड असताना वर ५९ टक्के, खाली २१. दुपारी सुट्टीनंतर अलार्म आल्यावर लगेच वर ७९, खाली १. दोनदा बघितलं, एखादा टक्का इकडेतिकडे.

सर्वोकाका

शाब्बास. आता गणित कर. सकाळी सरासरी ४०, घर्षण १९. दुपारी सरासरी ४०, घर्षण ३९. वजनाचा भाग जागचा हलला नाही म्हणजे सकाळी एक आणि दुपारी एक असं वजनात काही होत नाहीये. पेलोड सेटिंग तरीही तपास, नवीन ग्रिपरचं वजन आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी टाकायलाच हवी, नाहीतर कोलिजन डिटेक्शन मूर्खासारखं वागतं, पण या अलार्मचा गुन्हेगार तो नाही.

घर्षण दुप्पट झालंय आणि तेही गरम झाल्यावर. इथे थांबून विचार कर. गिअरबॉक्समधलं ग्रीस गरम झालं की पातळ होतं, घर्षण कमी व्हायला हवं. तुझं वाढतंय, म्हणजे रिड्यूसरवरचा संशय बराच कमी झाला. गरम झाल्यावर बिघडणारं दुसरं काय आहे? ब्रेकची कॉइल. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, सकाळपेक्षा ५० डिग्री जास्त गरम झाली की २० टक्के वाढला, करंट साधारण १७ टक्के उतरला. त्यातून ब्रेक ओढून घ्यायला जास्त करंट लागतो आणि एकदा ओढला की धरून ठेवायला कमी पुरतो. म्हणून चालू लाईनला तास न् तास काही होत नाही. सुट्टीत ब्रेक लागतो, परत आल्यावर गरम कॉइलला तो पुन्हा ओढायचा असतो, तिथे ती कमी पडते. सकाळी कॉइल थंड, म्हणून सुटतो.

पण चांगल्या ब्रेकला एवढ्या गरमीचा हिशेब आधीच धरलेला असतो, म्हणजे व्होल्टेज वाटेत कुठेतरी गळत असणार. मॅन्युअलमध्ये ब्रेकचं व्होल्टेज बघ, काही रोबोंना २४ डीसी असतं, काहींना ९० डीसी, अंदाजाने जाऊ नको. कंट्रोलरच्या टोकाला मोज आणि मोटरच्या कनेक्टरला मोज. आणि महत्त्वाचं, कनेक्टर लावलेला असताना, ब्रेक सुटलेला असताना मोज. कनेक्टर काढून मोजलास तर करंटच वाहत नाही, मग वाटेतला ड्रॉप शून्य, मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवेल आणि तू म्हणशील सगळं ठीक आहे. यातच लोक फसतात. मीटरच्या लांब वायरी काढून फेन्सच्या बाहेर बस, पेंडंट दुसऱ्याच्या हातात दे.

ब्रेक हाताने सोडून बघायचा मोह आवर. जे-३ खाली पडतो, चेनब्लॉकने किंवा स्टँडने आधार दिल्याशिवाय त्याच्या आसपास डोकं घालायचं नाही.

कुंडईचा_ड्राइव्हवाला

काका बरोबर बोलतायत, माझी लाईटची थिअरी बाद. एक भर टाकतो, बऱ्याच कंट्रोलरांत ब्रेकचं एकच आउटपुट दोन-तीन किंवा सगळ्या अ‍ॅक्सिसना सोडतं. तुझं तसं असेल आणि बाकीच्यांना त्रास नसेल तर कार्ड बदलायच्या भानगडीत पडू नको, गडबड जे-३ च्या फांदीतच आहे.

वेर्णा_सेकंडशिफ्ट

सापडलं बहुतेक!! मॅन्युअलप्रमाणे ब्रेक २४ व्होल्ट, १० टक्के कमी चालतं म्हणजे २१.६ पर्यंत. कंट्रोलरला २४ च्या वर आणि जे-३ मोटरच्या कनेक्टरला २० च्या आसपास. कोपराजवळ एक मधला कनेक्टर आहे, शिफ्ट संपल्यावर लॉकआउट करून तो उघडला तर दोन पिना हिरव्यागार, रबर सील बसकं झालेलं, आत ओल. लोडिंग डॉकचं शटर दिवसभर उघडं असतं, बाहेर धो धो पाऊस, आणि हाऊसकीपिंगवाले रोबो ओल्या फडक्याने पुसतात, वरून स्प्रे मारतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ब्रश फिरवला, सध्या २३ च्या जवळ मिळतंय आणि सुट्टीनंतर अलार्म नाही. नवीन हार्नेस (केबलचा जुडगा) मागवायला सांगितलंय. मोटरचं कोटेशन मॅनेजरने फाईलला लावलं, हसत हसत.

पण ते ५-६ मिमी अजून आहेच. मास्टरिंग (रोबोने लक्षात ठेवलेलं प्रत्येक सांध्याचं शून्य) गेलं असेल का? बॅटरी बदलताना काही झालं असेल का?

मडगावची_इन्स्ट्रुमेंट

बॅटरीचा प्रॉब्लेम असता तर पॉवर ऑन करतानाच अलार्म आला असता ना, फॅनकला एसआरव्हीओ-०६२ येतो तसा? आणि तो आला की मास्टरिंग केल्याशिवाय पुढे प्रोग्राम चालूच देत नाही असं आमच्या सरांनी सांगितलं होतं.

सर्वोकाका

सरांना नमस्कार सांग. बरोबर आहे. मूव्ह एररने पोझिशन हरवत नाही, अ‍ॅबसोल्यूट एन्कोडर मोजत राहतो, रोबोला आपण कुठे आहोत ते माहीत असतं. म्हणून मास्टरिंगला हात लावायच्या आधी सगळे अ‍ॅक्सिस शून्यावर ने आणि प्रत्येक जोडावरच्या खुणा जुळतात का बघ. एकाच अ‍ॅक्सिसची खूण सरकली असेल तर फक्त त्या अ‍ॅक्सिसचं मास्टरिंग. सगळ्या जुळत असतील तर रोबो खरं बोलतोय आणि सरकलंय ते त्याच्या पुढचं काहीतरी, ग्रिपर, नाहीतर पॅलेट ठेवायची जागा.

वेर्णा_सेकंडशिफ्ट

सगळ्या खुणा जुळल्या, जे-३ ची तर अगदी बरोबर.

कुंडईचा_ड्राइव्हवाला

ग्रिपर फ्लँजवर (हाताच्या टोकाची चकती) डॉवेल पिन (जागा पक्की धरणारी खीळ) आहे की नुसत्या बोल्टवर लटकवलाय? मार्चमध्ये नवीन आला म्हणतोस. बोल्टची भोकं बोल्टपेक्षा मोठी असतात, पूर्ण स्पीडला धाडकन थांबला की तेवढ्यात ग्रिपर फिरतो. फ्लँजजवळ अर्धा मिमी सरकला तरी बॉक्सच्या लांबच्या कोपऱ्याला पाच-सहा मिमी सहज दिसतं.

वेर्णा_सेकंडशिफ्ट

डॉवेलचं भोक आहे, पिन नाही 🤦 फ्लँजवर सरकल्याची चकचकीत रेघ पण दिसतेय. पिन टाकून बोल्ट टॉर्कने आवळतो. पोरांनी जे पॉइंट हलवलेत ते मे मधल्या बॅकअपवरून परत आणतो, सुदैवाने बॅकअप घेतला होता. ग्रिपर मार्चपासूनच बिनपिनचा म्हणजे थोडेफार पॉइंट तरीही बघावे लागतील, ते मी स्वतः करतो, स्लो स्पीडला एक लेयर रिकामा चालवून. देव बरें करूं सगळ्यांना, काका तुम्ही वेर्ण्याला आलात तर बन-भाजी माझ्याकडून.

एक शेवटचं, हार्नेस आला की पूर्ण काढून नवीन टाकायचाय, काही काळजी?

सर्वोकाका

आहे ना. हार्नेसमध्ये एन्कोडरची लाईन पण असेल तर ती काढल्याबरोबर बॅटरीचा बॅकअप तुटतो, बॅटरी बहुतेक रोबोच्या बेसमध्ये असते आणि केबलमधूनच मोटरपर्यंत जाते. मग पॉवर ऑन केल्यावर तो बॅटरीचा अलार्म येणारच आणि मास्टरिंग करावं लागेल. त्यामुळे काढायच्या आधी सगळे अ‍ॅक्सिस खुणांवर शून्याला उभे कर, फोटो काढ, मास्टर काउंट (शून्यावरचे एन्कोडरचे आकडे) कागदावर लिहून ठेव आणि पूर्ण बॅकअप घे. जे-३ ला खालून आधार. नंतर शून्यावर क्विक मास्टरिंगची सोय असेल तर तीच वापर, पण त्यासाठी रेफरन्स आधीच सेव्ह केलेला असावा लागतो, तो आहे का ते आत्ताच बघून ठेव, हार्नेस उघडून पडल्यावर नको. नवीन कनेक्टर खाली तोंड करून बसेल आणि केबलला त्याच्या आधी एक झोळ राहील असा बांध, पाणी झोळातून गळून जाईल. आणि हाऊसकीपिंगवाल्यांचा स्प्रे काढून घे, कोरडं फडकं दे त्यांना.

वेर्णा_सेकंडशिफ्ट

रेफरन्स सेव्ह नाहीये, आत्ताच बघितलं. आज रात्री खुणांवर उभा करून सेव्ह करतो.